शेणकाल्यापर्यंत पोचलेला योग

दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर खोल. पाण्यावर तरंगणारी आणि गुरांना खुराक म्हणून द्यायची बारीक वनस्पती म्हणजे ॲझोला. तिचा वाफा एवढाच असतो. तळ सपाट हवा, शक्यतो पाणसळ लावून बघितलेला. नाहीतर एका कोपऱ्यात वीतभर पाणी साचतं आणि समोरच्या कोपऱ्यात नुसता चिखल राहतो. तळाशी आधी खताच्या रिकाम्या प्लॅस्टिक गोणी अंथरायच्या. शेजारच्या झाडाची मुळं वर येऊन कागद फाडतात, ती या गोणींवर अडतात. त्यावर सिल्पॉलिनचा, म्हणजे पाणी न गळणाऱ्या प्लॅस्टिकचा कागद पसरायचा आणि कडा विटांखाली दाबायच्या. मग दहा ते पंधरा किलो चाळलेली सुपीक माती सगळीकडे सारखी टाकायची. दोन किलो ताजं शेण आणि तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट दहा लिटर पाण्यात कालवून तो शेणकाला ओतायचा. पाण्याची पातळी दहा सेंटिमीटरवर आणायची आणि अर्धा ते एक किलो स्वच्छ, ताजं ॲझोला वरून भुरभुरायचं. दहा-पंधरा दिवसांत सगळा वाफा हिरव्या गालिच्यानं भरतो आणि तिथून पुढे रोज पाचशे-सहाशे ग्रॅम काढता येतं.

एवढं केलं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांचा वाफा महिन्याभरात बसतो. ॲझोलाच्या पानांच्या पोकळीत ॲनाबिना नावाचं निळं-हिरवं शेवाळ राहतं आणि हवेतला नत्र धरतं. त्यामुळे नत्राची ददात नसते, पण स्फुरद (फॉस्फरस) मात्र लवकर संपतो. म्हणून दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि वीस ग्रॅम सुपर फॉस्फेट द्यावं लागतं. दर दहा दिवसांनी पाव हिस्सा, म्हणजे साधारण शंभर लिटर पाणी काढून तेवढंच नवं भरायचं. महिन्यानं पाच किलो जुनी माती काढून ताजी घालायची, कारण नत्र साचत गेला की वाढ मंदावते. सहा महिन्यांनी सगळा वाफा उपसून नव्यानं सुरुवात करायची. उपसलेलं पाणी आणि माती भाजीच्या वाफ्यात टाकावी, तिथं ती सोन्यासारखी कामाला येते.

पानं लाल पडू लागली की समजावं, ऊन जास्त होतंय किंवा स्फुरद कमी पडतोय. थंडीतही पानं लालसर होतात. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत शेडनेट किंवा झाडाची विरळ सावली नसेल तर वाफा टिकत नाही. दाट सावलीतही तो वाढत नाही. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे रोज न काढणं. चार दिवस तसंच ठेवलं की थरावर थर चढतात, खालचा थर पिवळा पडून कुजतो आणि पाण्याला वास येतो. काढण्याचीही रीत आहे. अर्धी बादली पाणी घ्यावं, तिच्यावर सेंटिमीटरभर भोकांची जाळी ठेवावी आणि त्या जाळीत ॲझोला खळखळून धुवावं. शेणाचा वास राहिला तर गाय तोंड लावत नाही. धुताना बारीक रोपं जाळीतून बादलीत पडतात, ती पुन्हा वाफ्यात सोडायची. पुढच्या आठवड्याचं पीक त्यांच्यातूनच येतं, म्हणून ते पाणी गटारात ओतू नये.

आणखी एक हिशेब आधीच मांडायला हवा. गायीला रोज दीड ते दोन किलो ॲझोला द्यायचं, सुरुवातीला पेंडीत निम्म्याला निम्मं मिसळून. म्हणजे एका गायीला तीन-चार वाफे लागतात. एकच वाफा करून ‘दूध काही वाढलं नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शिवाय ताज्या ॲझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. सुक्या वजनात पंचवीस ते पस्तीस टक्के प्रथिनं असली तरी त्यानं वैरण सुटत नाही, खुराकाला जोड मिळते. ज्या गोठ्यात आधीच पेंड मापात आणि नियमित मिळते तिथं फरक कमी दिसेल. जिथं जनावर निव्वळ कडब्यावर आहे तिथं तो लगेच दिसेल.

आता कुणी विचारेल, योगाच्या लेखात हे शेण आणि सुपर फॉस्फेट कुठून आलं? तर ही पद्धत गुरांच्या खाद्यासाठी बसवून, तामिळनाडू-केरळच्या गोठ्यांत चाचण्या घेऊन ज्यांनी गावोगाव पोचवली, ती माणसं कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राची. केंद्राचा ‘नार्डेप’ नावाचा नैसर्गिक संसाधन विकास प्रकल्प आहे. जैविक शेती, कमी खर्चाची घरं, बायोगॅस, पाणी आणि शरीरातल्या मर्मस्थानांवर आधारलेली तिथली परंपरागत वर्म चिकित्सा हे त्याचे विषय. आणि हे केंद्र मुळात योगावर उभं असलेलं आध्यात्मिक सेवा संघटन आहे. सकाळी आसनं शिकवणारी आणि दुपारी शेणकाला कालवणारी संस्था एकच आहे, आणि मला तिच्याबद्दल जे वाटतं ते सगळं या एका गोष्टीतून येतं. योगाचा कस लावायला तिनं चटईबाहेरची जागा निवडली.

केंद्राचे संस्थापक एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. जन्म 1914 चा. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह राहिलेले हे गृहस्थ विवेकानंदांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास कन्याकुमारीच्या शिळेच्या कामात पडले. 1892 च्या डिसेंबरात 25, 26, 27 असे तीन दिवस स्वामीजी ज्या शिळेवर ध्यानाला बसले, तिथं स्मारक व्हावं ही मागणी अडून राहिली होती. एकनाथजींनी दिल्लीत तीन दिवसांत 323 खासदारांच्या सह्या गोळा केल्या. त्यात सगळ्या पक्षांचे लोक होते. पैसा उभा केला तो मोठ्या देणग्यांबरोबरच एक-दोन-पाच रुपयांच्या वर्गणीतून, म्हणजे लाखो घरांतून. 2 सप्टेंबर 1970 ला राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आतला विवेकानंदांचा उभा पुतळा मुंबईचे शिल्पकार नारायणराव सोनवडेकर यांचा आहे, हे तिथं जाणाऱ्या मराठी माणसांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

स्मारक पुरं झालं तेव्हा थांबायला काहीच हरकत नव्हती. एकनाथजींनी ते स्मारकाचं निम्मंच काम मानलं. दगडाचं झालं, आता माणसांचं, या विचारानं 7 जानेवारी 1972 ला विवेकानंद केंद्र सुरू झालं. त्यांनी जीवनव्रती ही कल्पना आणली. शिकलेली तरुण मुलं-मुली, प्रशिक्षण घेऊन, पाठवतील तिथं जाऊन, पूर्ण वेळ काम करणारी. मुलींनाही पहिल्यापासून याच कामात बरोबरीनं घेतलं, आणि ज्या काळात घेतलं तो काळ लक्षात घेता ही लहान गोष्ट नव्हे. संन्याशाचा मठ काढला नाही, भगवे कपडे दिले नाहीत. केंद्राच्या रोजच्या प्रार्थनेत एक मागणं आहे: आयुष्यात जेवढं घेऊ त्याहून अधिक देता यावं. कार्यकर्ता घडवण्याची सगळी रचना या मागण्याभोवती आहे.

त्या रचनेचा पाया म्हणजे गावोगावचे वर्ग. मोठ्यांसाठी योगवर्ग, मुलांसाठी संस्कारवर्ग, वाचन-चर्चेसाठी स्वाध्यायवर्ग. योगवर्गाचा साचा ओळखीचा असतो. प्रार्थना, शिथिलीकरण, सूर्यनमस्कार, आसनं, मध्ये विश्रांती, प्राणायाम, ॐकार, शांतिमंत्र. पोट रिकामं हवं. जेवणानंतर किमान तीन-चार तास गेलेले असावेत. म्हणून पहाटेचा वर्ग संध्याकाळच्या वर्गापेक्षा सोपा जातो. संध्याकाळी निम्मे लोक ऑफिसातून वडा खाऊन आलेले असतात.

शिकवताना कुठं बिघडतं हे ज्यांनी वर्ग चालवलेत त्यांना पाठ असतं. सूर्यनमस्काराचा वेग आठवड्याभरात वाढतो आणि श्वास मागे पडतो. पुढे वाकताना सोडायचा, भुजंगासनात घ्यायचा, पर्वतासनात पुन्हा सोडायचा, ही जोडी एकदा तुटली की ती नुसती कवायत राहते. पश्चिमोत्तानासनात नाक गुडघ्याला लावण्याची स्पर्धा लागते. मग पाठ कमानीसारखी वळते आणि ताण मांडीमागच्या स्नायूंवर यायच्या ऐवजी कमरेच्या मणक्यांवर येतो. ज्यांची मणक्यातली चकती सरकलेली आहे त्यांना पुढे वाकणं सरळ वर्ज्य करावं. रक्तदाब असणाऱ्यांना जोराची कपालभाती नको आणि श्वास कोंडणंही नको. नवख्यांना प्राणायामात कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, शिकवूच नये, आधी सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा मोठा होऊ द्यावा. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी येणाऱ्याजवळ साखर असावी. आणि शवासन वेळ संपत आली म्हणून कापू नये. वर्गात पहिली कात्री नेहमी त्यालाच लागते.

खरी गळती दुसऱ्या महिन्यात होते. पहिल्या दिवशी चाळीस चटया असतात, पुढे पंधरा उरतात. एकटा शिक्षक फार तर तब्येतीच्या गोष्टी सांगून आणखी थोडे दिवस लोकांना धरून ठेवतो. केंद्राच्या पद्धतीत यावर उतारा असा की, येणाऱ्याला लवकरच काहीतरी काम मिळतं. दार उघडणं, सतरंज्या घालणं, न आलेल्याच्या घरी डोकावणं, मुलांच्या वर्गात खेळ घेणं. ज्याच्याकडे किल्ली असते तो गैरहजर राहत नाही. निवासी शिबिरांतही हेच दिसतं. प्रातःस्मरण, योगाभ्यास, गीतापठण, बौद्धिक, संध्याकाळी भजन, आणि या सगळ्याच्या मध्ये श्रमसंस्कार. म्हणजे झाडलोट करणं, झाडांना आळी करणं, पालापाचोळा गोळा करणं. शिबिराच्या वेळापत्रकात त्याला आसनांइतकाच मान आहे, आणि पदवी किंवा वय पाहून त्यातून कुणाला वगळत नाहीत. कर्मयोगावर तासभर ऐकून झाल्यावर लगेच हातात खराटा येतो, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तो उलटा किंवा वेगवेगळ्या दिवशी ठेवला असता तर ऐकलेलं ऐकण्यापुरतंच राहिलं असतं.

नार्डेपचं पाण्याचं काम बघायचं तर रामेश्वरला जावं. काशी-रामेश्वर करणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना देवळातल्या बावीस तीर्थांची स्नानं माहीत होती. देवळाबाहेर, बेटावर विखुरलेली आणखी कितीतरी तीर्थं आहेत. त्यांतली पुष्कळशी गाळानं, कचऱ्यानं आणि वेड्या बाभळीनं गिळली होती. केंद्रानं ‘हरित रामेश्वरम्’ या नावानं ती एकेक करून साफ करायला घेतली.

समुद्रानं वेढलेल्या वाळूच्या बेटावर गोडं पाणी कसं राहतं, हे समजल्याशिवाय या कामाची नजाकत कळत नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. पण हा हिशेब उलटाही लागू होतो. बोअर मारून वरची पातळी फूटभर खाली नेली की खालून खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकतं, आणि एकदा खारट झालेली विहीर परत गोडी व्हायला किती पावसाळे लागतील ते सांगता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी गाळ काढतानाही हात आवरावा लागतो. जेसीबीवाल्याला ‘होऊ दे आणखी खोल’ म्हटलं तर तो खाऱ्या थरापर्यंत जाईल. जुना दगडी तळ किंवा स्वच्छ वाळू लागली की थांबायचं. वेडी बाभूळ वरवर छाटून भागत नाही, बुंध्यासकट उपटावी लागते, नाहीतर पुढच्या पावसात दुप्पट फुटते. काठ बांधताना दगडांच्या सांध्यांत पाणी झिरपायला वाट ठेवायची. सगळं सिमेंटनं लिंपलं की तीर्थाचा नुसता हौद होतो, आणि त्याचं जमिनीशी नातं तुटतं. सौंदर्यीकरणाच्या नावाखाली आपल्याकडच्या किती बारवांचं आणि तळ्यांचं असं झालं आहे, याचं वाईट वाटतं.

तीर्थ म्हटलं की लोक त्यात कचरा टाकायला कचरतात, निदान पहिले काही महिने. श्रद्धेचा हा उपयोग मला प्रामाणिक वाटतो, कारण तीर्थाची कथा गावाला आधीपासून माहीत होती, फक्त पाणी दिसत नव्हतं.

केंद्राच्या शाळांबद्दल थोडक्यात. अरुणाचल प्रदेशात 1977 पासून विवेकानंद केंद्र विद्यालयं चालतात, पुढे आसाम, अंदमान आणि इतरत्रही ती निघाली. केंद्राला 2015 चा गांधी शांती पुरस्कार मिळाला, त्यात ग्रामविकास आणि शिक्षण या दोन्ही कामांची दखल होती. शाळांवर वेगळं लिहायला हवं, इथं घाईनं उरकण्याचा तो विषय नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांना मात्र नार्डेपच्या कामातली एक गोष्ट आजच्या आज उचलण्यासारखी आहे: ‘शक्ती सुरभी’ हा स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारा बायोगॅस संच. याच दिशेनं पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनंही मोठं काम केलं, त्यामुळे आपल्याकडे हे तंत्र परकं नाही. पाचन टाकी, तिच्यावर तरंगणारं गॅसचं पिंप, कचरा आत घालायची नळी, स्लरी, म्हणजे कुजून उरलेला पातळ काला, बाहेर यायची नळी. शक्ती सुरभीत पिंपाभोवती पाण्याचा खंदकही असतो, त्यामुळे वास आणि गॅसची गळती दोन्ही अडतात. एक घनमीटर गॅस म्हणजे सुमारे 0.43 किलो एलपीजी. 14.2 किलोच्या सिलिंडरइतकं काम व्हायला तेहेतीस घनमीटर लागतात. वसतिगृह, मंगल कार्यालय, मोठी सोसायटी यांना हे गणित जमतं. दोन माणसांच्या फ्लॅटला जमत नाही, आणि तसं स्पष्ट सांगावं.

टाकीचं वागणं हुबेहूब पोटासारखं असतं. पहिल्यांदा ती शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून भरायची, कारण मिथेन हा जळणारा वायू करणारे जिवाणू त्यातून येतात. त्यांना बसायला दोन-तीन आठवडे द्यायचे. सुरुवातीचा गॅस सोडून द्यावा, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो जळत नाही, आणि हवा मिसळलेल्या गॅसजवळ काडी ओढणं धोक्याचंही आहे. मग शिळा भात, भाजीची देठं, खरकटं बारीक करून, तेवढंच पाणी घालून, थोडं थोडं सुरू करायचं आणि महिन्याभरात पूर्ण मापावर यायचं. हाडं, अंड्याची टरफलं, नारळाची शेंडी, कांद्याची सालं आणि लिंबाच्या फोडी बाजूला ठेवायच्या. रोज एकदा पिंप हातानं फिरवायचं, त्यानं वर धरलेली साय मोडते. पाइपात पाणी साठून ज्योत भकभक करू लागली तर सगळ्यांत खालच्या जागची तोटी उघडून ते काढायचं. एलपीजीची शेगडी जशीच्या तशी चालत नाही. बायोगॅसचा दाब कमी असतो, त्याला मोठ्या छिद्राचा जेट लागतो.

आणि सणावाराला टाकीला अजीर्ण होतं. लग्नाचं जेवण झालं, पन्नास किलो उरलं, ‘टाकी आहेच की’ म्हणून सगळं आत ढकललं. दोन दिवसांत आंबूस वास येतो, पिंप वर चढलेलं दिसतं पण गॅस पेटत नाही. आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्यानं वाढतात, मिथेनवाले सावकाश वाढतात, त्यांना ते आम्ल सोसत नाही. उपाय म्हणजे लंघन. खाणं चार-सहा दिवस बंद, थोडं चुन्याचं निवळ पाणी, मग ताज्या शेणकाल्याच्या दोन-तीन बादल्या. गॅस निळा जळू लागला की पाव मापापासून पुन्हा सुरुवात. बाहेर येणारी स्लरी झाडांना पातळ करून घालावी, किंवा ज्यांच्याकडे ॲझोलाचा वाफा आहे त्यांनी शेणाऐवजी तीच वापरावी.

सोसायट्यांमधल्या ज्या टाक्या बंद पडतात त्यांतल्या बहुतेकींत यंत्राचा दोष नसतो. ज्या मजल्यावर सकाळी पंधरा चटया पडतात, त्याच इमारतीच्या मागे गंजलेलं पिंप आडवं पडलेलं असतं, आणि या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वर्गातल्या कुणाला सुचलेलं नसतं. केंद्राकडून शिकायचं ते इथं. योगवर्ग सुटल्यावर दहा मिनिटं, दोन माणसं, आळीपाळीनं. टाकीचा खर्च मंजूर करण्याआधी एका कागदावर वारांप्रमाणे नावं लिहून घ्यावीत. कचरा कोण तोलणार, पिंप कोण फिरवणार, दिवाळीच्या सुट्टीत सगळे गावी गेले की खाणं बंद कोण करणार आणि परत आल्यावर पाव मापानं सुरुवात कोण करणार. कागदावर सातही वार भरले तर टाकी घ्यावी. चारच भरले तर आधी कंपोस्टचा खड्डा करावा. त्याला तीन दिवसांचा खाडा चालतो.